वडाचं सूत उसवायचं कोणी?

सातारा, ११ जून २०२५

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आजच्या अंकात पहिल्या पानावर वटपौर्णिमेचा फोटो आहे. चौघीजणी, नऊवारी, नाकात नथ, हातात ताटं, मागे वड. खाली ओळ दिली आहे, सात जन्मी हाच पती मिळावा म्हणून सुवासिनींनी वगैरे. गेल्या वर्षीचा याच दिवसाचा अंक माझ्याकडे निघाला (जपून ठेवला नव्हता, कपड्यांच्या कपाटात खाली अंथरला होता). त्यातही हाच फोटो आहे, साड्यांचे रंग तेवढे बदललेत. फोटोबद्दल तक्रार नाही, बायका छान दिसतायत. पण त्यांच्या मागे बुंध्यावर जे पांढरं-केशरी जाळं दिसतंय ना, तसलंच जाळं काढायला मी आज पहाटे सहाला कात्री घेऊन गेले होते. आठ वाजता घरी आले, चहा केला, पेपर उघडला आणि हा फोटो. म्हटलं, आज पत्र टाकायचंच.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. वय ६६. शाहूपुरीत राहते. तीस वर्षं घरी शिवणक्लास चालवला, अजूनही चार-पाच मुली येतात. त्यामुळे दोरा हा माझा विषय आहे. वडाबद्दल कुणी मला शिकवलं तर ऐकून घेईन, दोऱ्याबद्दल नाही. आमचे हे वीज मंडळात वायरमन होते. २०१९ च्या नोव्हेंबरात गेले. म्हणजे काल ज्या सुवासिनी वडाला गेल्या त्यांत मी नव्हते.

आता एक कबुली. नाहीतर ओळखणारं कुणीतरी म्हणेल, या बाई दुसऱ्यांना शहाणपण शिकवतात आणि स्वतः काय करत होत्या. लग्नानंतरची पहिली सात-आठ वर्षं आम्ही मंगळवार पेठेत वाड्यातल्या दोन खोल्यांत होतो. तेव्हा वाड्यातल्या सगळ्या बायका मिळून वडाला जायचो. शाहूपुरीत आलो १९९० ला. मुलगी लहान, क्लास चालू, आणि जूनमध्ये शाळेच्या गणवेशांची शिलाई, मान वर करायला फुरसत नाही. त्यात नवरा वायरमन. मे महिन्यात मान्सूनपूर्व कामं निघाली की तारांना लागणाऱ्या फांद्या छाटायच्या, हे यांचं कामच. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी वडाची फांदी आमच्याकडे घरपोच यायची. माझीच नव्हे, खालच्या तिघींची आणि घरमालकिणीचीसुद्धा. पितळी तांब्यात वाळू भरायची, फांदी खोचायची, स्टुलावर ठेवायची, स्टुलाभोवती सात फेरे. फरशीवर चिकाचे डाग पडायचे, ते रॉकेलने पुसायचे. बावीस वर्षं मी हे केलं. बाजारात वीस-तीस रुपयांना फांदी घेणाऱ्या बाईला मी कुठल्या तोंडाने बोलू?

थांबले ते घंटागाडीमुळे. २०११ साल असावं. पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फांदी घेऊन खाली गेले. गाडीवरचा पोरगा वर चढून पायाने कचरा दाबत होता. मला बघून म्हणाला, "टाका बाई. आज कचरा नाय, जंगलच हाय गाडीत." वाकून पाहिलं. खरोखर वरपासून खालपर्यंत वडाची पानं. काही फांद्यांना लाल फळं लगडलेली, काहींना अजून हळदीकुंकू. एका फांदीला कुणीतरी काळ्या मण्यांची सर बांधली होती, ती तशीच. मी माझी फांदी त्यावर टाकली आणि वर आले. यांना काही बोलले नाही. पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं, किती आणू? म्हटलं, एकही नको, मी कोपऱ्यावरच्या वडाला जाईन.

पूजेच्या वेळी भटजी जो श्लोक म्हणतात त्याचा अर्थ नंतर एकदा नीट ऐकला. वडाच्या मुळाशी ब्रह्मा, मध्ये जनार्दन, शेंड्याला शिव आणि सावित्री त्याच्या आश्रयाला. आता फांदीला मूळ कुठून आणायचं? बावीस वर्षं माझ्या पूजेत ब्रह्मदेव गैरहजर होते म्हणायचे!

फांद्या विकणाऱ्या बायकांवर मात्र राग काढू नका. गेल्या आठवड्यात आपल्याच सदरात एका वाचकाने 'या विक्रेत्यांवर गुन्हे दाखल करा' असं लिहिलं होतं. कायदा आहे, मान्य. शहरांसाठी १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे आणि त्यात झाड तोडणे या शब्दांत जाळणं आणि इजा करणंही धरलेलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीने तर पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलंय. पण वरच्या वाड्यांतून डोक्यावर भारा घेऊन पहाटे खाली उतरलेली बाई त्याच पाटीत करवंदं, जांभळं, फणसाचे गरे घेऊन बसते. पूजेला पाच फळं तिच्याकडूनच घ्यायची आणि फांदीपुरता तिच्यावर गुन्हा? घेणाऱ्या थांबल्या की ती फांदी आणायची बंद होईल. तिला काय, फांदीचं ओझं कमी होऊन करवंदं जास्त बसतील.

आता मूळ मुद्दा, सूत.

कोपऱ्यावरचा वड आमच्या आधीपासूनचा आहे. साधारण २०१० मध्ये त्याला पार बांधला. कोणी बांधला ते लिहीत नाही, हौसेने बांधला एवढं खरं. सिमेंट थेट बुंध्यापर्यंत ओतलं, वर गुळगुळीत फरशी. पाणी मुरायला बोटभर जागा नाही. हे तिथे उभे राहून सांगत होते की हातभर माती मोकळी सोडा. कुणी ऐकलं नाही. मग २०१३ मध्ये निवृत्त झाल्यावर यांनी छिन्नी-हातोडा घेतला आणि रोज संध्याकाळी थोडं थोडं करत बुंध्याभोवतीचं वीतभर काँक्रीट फोडून काढलं. पावसाळा येईपर्यंत अर्धा घेर झाला. उरलेला अर्धा अजून तसाच आहे.

त्याच वर्षी त्यांनी एक पारंबी उतरवली. वडाच्या पारंब्या रस्त्याच्या बाजूला आल्या की कुणीतरी कापायचंच, दुचाकीवाल्यांच्या तोंडाला लागतात म्हणून. यांनी आतल्या बाजूची एक निवडली. प्लंबरकडून चार इंची पाइपाचा तुकडा आणला, उभा चिरला, त्यात पारंबी घालून माती आणि शेणखत भरलं, तारेने आवळलं आणि पाइपाचं खालचं तोंड मोकळ्या मातीत पुरलं. रोज तांब्याभर पाणी. लोक हसायचे, वायरमनने झाडाला अर्थिंग दिलंय म्हणायचे. दोन पावसाळे गेल्यावर पारंबी जमिनीत धरली, पाइप काढून टाकला. आज ती माझ्या मांडीएवढी जाड आहे. कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानात एक अफाट वड आहे. त्याचा मूळ बुंधा कुजला म्हणून १९२५ मध्ये कापून काढला, तरी झाड नुसत्या पारंब्यांवर उभं आहे आणि पसरतं आहे. यांनी ते कुठेतरी वाचलं होतं आणि भेटेल त्याला सांगायचे.

इतकं लांब कशाला, आमच्या म्हसव्याचाच वड घ्या. माझं माहेर जावळी तालुक्यातलं. वैराटगडाच्या पायथ्याला म्हसवे गावात जो वड आहे त्यात मूळ खोड कोणतं हे लहानपणी आम्ही शोधत बसायचो. १८८२ साली इंग्रज अधिकाऱ्याने त्याचा घेर मोजला तेव्हा १५८७ फूट भरला होता. मी मापं घेणारी बाई, हिशेब करून पाहिला. अशा वडाला सात प्रदक्षिणा म्हणजे सव्वातीन किलोमीटरच्या वर चाल, आणि सूत लागेल ते वेगळंच! आजी म्हणायची, एवढ्या झाडाला कोण गुंडाळणार, एका खोडाला हात लावायचा, पाणी घालायचं, तिथेच सात वेढे घ्यायचे आणि वळायचं. सगळ्या आळीत मिळून सुताची एक गुंडी. हाताने कातलेलं कच्चं सूत, ओढलं तर तुटेल असं. दोन सरी पडल्या की विरून जायचं. आषाढात जाऊन बघाल तर काही नाही.

आजचं सूत विरत नाही. क्लासच्या मुलींना मी कापड ओळखायला शिकवते ती परीक्षा या दोऱ्यावर केली. तुकडा चिमट्यात धरायचा, काडी लावायची. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळतं, काळा टणक मणी होतो, नाकाला झोंबतो. वडावरून काढलेले दहा तुकडे जाळले, त्यातले सात मणी झाले. दुकानात पुडीवर काय लिहिलेलं असतं? 'पूजेचे सूत'. त्याच पुडीत प्लॅस्टिकची फणी, प्लॅस्टिकच्या बांगड्या, बोटाएवढा आरसा.

हा दोरा काचतो. जाड बुंध्याला फारसं काही होत नाही, तो सहन करतो. पण बायका बुंध्याबरोबर शेजारची पारंबीही वेढ्यात घेतात आणि कोवळ्या पारंबीवर करकोचा पडतो. नवीन लावलेल्या रोपाला तर विचारूच नका. तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या बागेत अंगठ्याएवढ्या जाडीचं वडाचं रोप लावलं होतं. मोठ्या वडापाशी गर्दी म्हणून चार-पाच जणी त्यालाच गुंडाळून गेल्या. कुणी सोडवलं नाही. दिवाळीपर्यंत दोऱ्याच्या वर आणि खाली खोड फुगलं, मध्ये कंबर झाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात वाऱ्याने तिथेच मोडलं. ब्लाउज अंगाला घट्ट झाला की आपण टिपा उसवतो. रोपाला तोंड नाही.

मी पहिल्यांदा सूत काढलं ते २०२२ मध्ये. त्याआधी २०२० ला लॉकडाउन होता, झाडाकडे कुणीच फिरकलं नाही, ते वर्ष वडाला बरं गेलं. पुढच्या वर्षी थोड्या बायका आल्या. मी गॅलरीतूनच बघत होते. २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. पाठोपाठ सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. पेपरला वाचून बरं वाटलं. मुलगी फोनवर म्हणाली, आई, यंदा तू जा वडाला. मला जावंसं वाटेना. कुणाचं भय म्हणून नव्हे. पूजा ज्याच्यासाठी करत होते तो माणूस नाही, आता सात जन्मांचं नवं मागणं कुठे मांडू? पण दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेले तर यांच्या त्या पारंबीवर केशरी दोऱ्याचे बारा-पंधरा वेढे. घरी आले, कात्री घेतली आणि परत गेले.

सूत कापून काढता येत नाही नीट, साहेब. कापलं की तुकडे सालीच्या खाचांत राहतात. सोडवावं लागतं. टोक शोधायचं, ते बहुतेक कुठल्या तरी पानाखाली नाहीतर खिळ्याला बांधलेलं असतं (हो, खिळे मारतात). ते सोडवून झाडाभोवती फिरत हातावर गुंडाळत जायचं. बायकांनी डावीकडून उजवीकडे फेरे घातलेले असतात, म्हणजे मला उजवीकडून डावीकडे फिरावं लागतं. उलट्या प्रदक्षिणा. त्या वर्षी शेजारच्या एक वहिनी फुलं तोडायला आल्या होत्या. थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काकू, उलटं फिरू नये हो. आणि तुम्ही तर..." आणि थांबल्या.

'तुम्ही तर' च्या पुढचं मला कळलं. त्यांनाही कळलं की मला कळलं. मी म्हटलं, "उलटं फिरल्याशिवाय सुटत नाही, वहिनी. एक टोक धरता का?" त्यांनी धरलं नाही, पण बोलल्याही नाहीत काही. असो. माणूस वाईट नाही. यांच्या वेळी दोन महिने डबा दिला होता त्यांनी.

माझ्या क्लासला मुलगी येते तेव्हा पहिल्या दिवशी मी तिला मशीनवर बसू देत नाही. जुना फ्रॉक देते आणि सगळ्या शिवणी उसवायला सांगते, कापड न फाडता. रडकुंडीला येतात. पण ज्या हाताला उसवता येत नाही तो हात पुढे चूक झाली की कापडच फेकून देतो. आता व्रताचं बघा. जुन्या रीतीत हे तीन रात्रींचं व्रत, त्रयोदशीपासून पौर्णिमेपर्यंत, आणि पारणं प्रतिपदेला. गणपती बसवतो तसा उठवतो. घट बसतात, उठतात. सत्यनारायणाची पूजा दुसऱ्या दिवशी हलवतो. वडाचंच सूत तेवढं बांधून निघून यायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? प्रतिपदेला उपास सोडताना सूतही सोडावं, एवढंच माझं म्हणणं. आणि ते सोडायला सवाष्णच हवी असं कुठे लिहिलेलं असेल तर भटजींनी मला दाखवावं. कुमारिका चालेल, विधवा चालेल, घरातला पुरुष तर आधी चालेल, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

पुरुषांवरून आठवलं. आपल्या अंकात दरवर्षी या दिवशी 'हाच नवरा नको गं बाई' छापाचे विनोद असतात. हेही ते मोठ्याने वाचून दाखवायचे. मला हसू यायचं, नाही म्हणत नाही. पण ती मूळ गोष्ट एकदा नीट वाचा. महाभारताच्या वनपर्वात आहे. द्रौपदीच्या हरणानंतर खचलेल्या युधिष्ठिराला मार्कंडेय ऋषी सांगतात. सावित्रीने नवरा स्वतः शोधला, रथ घेऊन हिंडून. वर्षभरात मरणार हे नारदांनी तोंडावर सांगितलं, तरी त्याच्याशीच केलं. यमाकडे पहिला वर मागितला तो नवऱ्याचा नव्हे, आंधळ्या सासऱ्याच्या डोळ्यांचा. मग त्यांचं गेलेलं राज्य, मग स्वतःच्या बापाला शंभर मुलगे. असं एकेक करत यमाला बोलण्यात गुंतवलं. आणि सत्यवानाला मरण आलं ते केव्हा? रानात जाऊन फळं टोपलीत भरली, मग कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडायला लागला, घाम फुटला, डोकं दुखायला लागलं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला. कुऱ्हाड चालवता चालवताच गेला म्हणा ना. त्या गोष्टीची पूजा आपण तोडलेल्या फांदीवर करतो. मी बावीस वर्षं केली, म्हणून सांगते.

वडाचीच गोष्ट आहे असं नाही. सोमवती अमावास्येला पिंपळाला १०८ फेऱ्या आणि १०८ वेढे. हरतालिकेच्या आणि मंगळागौरीच्या पत्रीच्या पुडीत सोळा प्रकारची पानं म्हणून काय भरतात ते एकदा सोडून बघा, आमच्या गल्लीतली मेंदी आणि कण्हेर निघाली होती. दसऱ्याला आपटा म्हणून कांचन. आवळीभोजन तेवढं मला निर्धोक वाटतं. झाडाखाली बसायचं, जेवायचं, पत्रावळ उचलायची, झाडाला काही करायचं नाही.

रोपं वाटणाऱ्यांचंही एक सांगते. फांदीऐवजी रोप लावा म्हणून वडाची रोपं वाटतात, फोटो काढतात. आमच्या बिल्डिंगला तशी तीन आली. लावायची कुठे? वडाला तीस बाय चाळीसच्या प्लॉटमध्ये जागा नसते, तो भिंतीत मूळ घालतो, टाकी फोडतो. तिन्ही रोपं जिन्याखाली पिशवीतच सुकली. त्यापेक्षा जे आहेत ते राखा. सुरूरहून वाईला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जे वड आहेत, त्यांच्याखालून एसटी जाते तेव्हा भर मे महिन्यात खिडकीतून गार झुळूक येते. रस्ता रुंद करायची भाषा कानावर आली की माझ्या पोटात गोळा येतो. पुणे-बंगळूर रस्त्याचे वड आम्ही पाहिले आहेत आणि नसलेलेही पाहिले आहेत.

आता आजची गोष्ट. यंदा मे महिन्यातच पाऊस झालेला, त्यामुळे साल ओली आणि सूत चिकटलेलं. माझं वजन आता पूर्वीसारखं पेलत नाही, पारावर चढायला वेळ लागतो. पहिला वेढा सोडवत होते तर मागून आवाज आला, "काकू, मी येऊ?" पहिल्या मजल्यावरची नवी सून. फेब्रुवारीत लग्न झालंय, घरून ऑफिसचं काम करते, दिवसभर कानात ते यंत्र. हातात भाजी कापायची कात्री. म्हटलं, कात्री ठेव खाली, टोक शोध. ती शोधायला लागली आणि हसली. "हा माझाच आहे. मला गाठ अशीच येते." केशरी रीळ, पॉलिस्टर. काल दुकानदाराने सूत म्हणून दिलेलं. स्वतःचा दोरा स्वतः सोडवत ती उलटी फिरली, मी तिच्या मागे गोळा करत. तिच्या सासूबाई गॅलरीत उभ्या होत्या. हाक मारतील असं वाटलं, मारली नाही. त्या आत गेल्या आणि थोड्या वेळाने पुन्हा बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

दोन तास लागले. उदबत्तीच्या काड्या सालीच्या भेगांतून उपटल्या. एका ठिकाणी निरांजनाने बुंधा तळहाताएवढा काळा पडलाय, त्याला काही करता आलं नाही. द्रोण, पुड्या, आरसे, गव्हाची ओटी. गहू खाली सांडले होते ते चिमण्यांना ठेवले. सूत भाजीवाल्याच्या काट्यावर घातलं, २ किलो ४०० भरलं, ओलं धरून. २०२२ ला १ किलो १०० होतं. मापाच्या वहीत मागच्या पानावर मी हे लिहून ठेवते. सुती वेगळं काढून कुंडीत घातलं, पॉलिस्टरची उशी भरणार आहे. भंगारवाला घेत नाही.

तर विनंती आपल्याला आहे. पुढच्या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून वटपौर्णिमा निज ज्येष्ठात, सोमवारी २९ जूनला येते. त्या दिवशीचा फोटो आपण छापालच. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी ३० तारखेला, सकाळी सहाला आपला फोटोग्राफर आमच्या कोपऱ्यावर पाठवावा. नऊवारी कुणी नेसलेली नसेल, मी तर गाऊनवर ओढणी घेऊन असते. पण छापा. आणि आठवडाभर आधी एक चौकट टाका, वडाला जाताना सुती गुंडी न्या, गल्लीत मिळून एकच न्या, पारंबीला आणि रोपाला गुंडाळू नका, खिळा मारू नका, आणि प्रतिपदेला परत या. चौकटीत माझं नाव नको. दुकानदारांनाही कळू द्या की पुडीवर सूत लिहिलं तर आत सूत हवं.

नाव-पत्ता सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे, तो छापू नये. शेजारच्या वहिनी आपला पेपर वाचतात आणि मला त्यांच्याशी पुढेही बोलायचं आहे.

आपली,
एक वाचक, शाहूपुरी, सातारा

ता. क. : वरच्या फांदीवर साधारण दहा फुटांवर कुणीतरी गेल्या वर्षी दोरा फेकून अडकवलाय, तिथे माझा हात पोचत नाही. यांची लाकडी शिडी होती, तिच्या पायऱ्या कुजल्या. फोटोग्राफर येताना शिडी आणू शकला तर बरं होईल.